हेडस्टॉकवरचे नाव किती वर्षांचे? गिब्सनच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ, गिब्सन,
नॅशव्हिल, टेनेसी, अमेरिका.

विषय : गिटारखेरीज इतर वस्तूंना कंपनीचे नाव देण्याबाबत.

महोदय,

मी बडोद्यात, दांडिया बाजारात, वाद्यदुरुस्तीचे दुकान चालवतो. वडिलांच्या काळी तिथे हार्मोनियम, तंबोरे आणि सतारी येत. आता निम्म्याहून अधिक कामे गिटारची असतात, आणि नवरात्रीच्या आधीचा महिना तर गरब्याच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या मुलांचाच असतो. आपल्या कंपनीशी माझा कोणताही व्यापारी संबंध नाही. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण एखाद्या मोठ्या नावाखाली विकलेली वस्तू बिघडली की ती अखेरीस ज्याच्या मेजावर येऊन पडते, त्या माणसाला त्या नावाविषयी बरेच काही कळलेले असते आणि त्याला ते सहसा कोणी विचारत नाही. पत्र मराठीत आहे, कारण या प्रश्नावर माझे रोजचे वाद ज्यांच्याशी होतात ते वादक, शिक्षक आणि दुकानदार मराठी आहेत, आणि पत्र खुले असल्यामुळे ते त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझ्या दुकानात येऊन बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मत असे, की ज्या कंपनीला शंभराहून अधिक वर्षांचा वारसा आहे तिने गिटार सोडून दुसऱ्या कशाला हात लावूच नये. लावला की 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते. मला हे मत मान्य नाही, आणि त्याला पहिला विरोध आपल्याच इतिहासाचा आहे. ऑर्व्हिल गिब्सन यांनी अमेरिकेतल्या कलामझू गावी व्हायोलिनसारखी कमानदार कोरलेली वाद्ये घडवली, १९०२ साली त्यांच्या नावाने कंपनी निघाली आणि तिने जम बसवला तो मुख्यतः मॅन्डोलिनवर. मॅन्डोलिनची हौस ओसरू लागली तेव्हा कंपनी बँजोकडे वळली. १९२२ च्या सुमारास लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली एफ-५ मॅन्डोलिन आणि एल-५ गिटार एकाच कारखान्यातून बाहेर पडली. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याच कारखान्याने लाकडी खेळणीसुद्धा केली. १९३६ मध्ये ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार आली आणि १९५२ मध्ये लेस पॉल ही गिटार. आज ज्या लेस पॉलला वारसा म्हणून हात जोडले जातात ती तिच्या जन्माच्या वेळी जुन्या पेढीचा एक नवा उद्योगच होती. त्या काळच्या कोणा शुद्धतावाद्याचे कंपनीने ऐकले असते, तर आज हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

आमच्याकडे याहून ठळक उदाहरण मिरजेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचा काळ सरत आला आणि त्यांना धार लावून, चकाकी देऊन पोट भरणाऱ्या शिकलगारांचे काम घटले, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या मंडळींनी तंबोरे-सतारी आधी दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीच्या पात्यापासून तंबोऱ्याच्या भोपळ्यापर्यंतचे अंतर गिटारपासून हेडफोनपर्यंतच्या अंतराहून कमी नाही, आणि तरी त्यात कोणाचे नाव विटले नाही. म्हणजे केवळ वस्तू बदलल्याने नाव जात नाही.

मग ते कशाने जाते? इतक्या वर्षांच्या कामावरून मला वाटते, की प्रश्न वस्तूच्या आयुष्याचा आहे. तंबोरा माझ्याकडे आला की त्याचे वय विचारण्याची मला कधी गरज पडत नाही. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बसली असेल तर तारेखालची घोडी घासून ती पुन्हा उघडता येते, खुंटी ढिली झाली तर खडू लावून किंवा नवी खुंटी बसवून भागते, भोपळ्याला तडा गेला तर तोही सांधता येतो. गिटारचेही तसेच आहे. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजले की नवे ठोकता येतात. आपल्या गिटारींची मान हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, बुडाशी मोडते, हे जगभरच्या दुरुस्तीकारांना ठाऊक आहे : मागे कललेला हेडस्टॉक, महोगनीची अखंड मान, आणि ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ राखणाऱ्या आतल्या सळईचा, नट बसावा म्हणून नेमक्या त्याच अशक्त जागी कोरलेली खाच. पण सरस नीट मुरवून, क्लॅम्पमध्ये धरून ती मान एकदा जोडली की पुढची वीस वर्षे ती वाजते, आणि जोडणाऱ्याला त्यासाठी नॅशव्हिलची परवानगी लागत नाही. (तो ट्रस रॉडही १९२० च्या दशकात आपल्याच कारखान्यातून आला आणि मग सगळ्या जगाने घेतला, हे येथे आठवणीने नोंदवतो.) हेडस्टॉकवर नाव लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला न बोलता दिलेला शब्द असतो, की ही वस्तू तुझ्यानंतर तुझ्या मुलाकडे जाईल आणि वाटेत ती कोणीही शहाणा कारागीर दुरुस्त करू शकेल.

या शब्दाचा सर्वांत सुंदर पुरावा मला आमच्या शेजारच्या अहमदाबादेत दिसतो. पंडित ब्रिजभूषण काबरा यांचे मुख्य वाद्य आपल्या कंपनीची सुपर ४०० गिटार हे होते. १९३४ साली अमेरिकेतल्या मोठ्या नाचगाण्याच्या वाद्यवृंदांसाठी काढलेली आणि ४०० डॉलर किमतीवरूनच नाव मिळालेली ती गिटार काबरांनी मांडीवर आडवी घेतली, तिला सुराची वेगळी तार जोडली आणि तिच्यावर रागसंगीत वाजवले. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली, आणि स्लाइड गिटार हे हिंदुस्थानी मैफलीचे वाद्य होऊ शकते हे लोकांना पटले. कलामझूच्या कोणा कारागिराच्या स्वप्नातही यमन आला नसेल. तरी ते घडू शकले, कारण लाकूड आणि तार यांची ती वस्तू उघडी होती; ज्याच्या हाती ती गेली त्याला ती आपली करून घेता आली.

आता आपल्या कंपनीच्या अलीकडच्या काळाकडे येतो. २०१३ मध्ये कंपनीच्या नावातून 'गिटार' हा शब्द गेला आणि ती 'गिब्सन ब्रँड्स' झाली; गिटार नव्हे तर संगीताची सारी जीवनशैली विकायची, असा तेव्हाच्या चालकांचा विचार होता. त्याआधी आणि त्यानंतर ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपन्या एकामागून एक घेतल्या गेल्या आणि २०१४ मध्ये फिलिप्सचा हेडफोन-स्पीकरांचा व्यवसाय १३.५ कोटी डॉलरला विकत घेतला गेला. १ मे २०१८ रोजी कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. त्या वेळी गिटारचा धंदा नफ्यात होता आणि बुडत होता तो हा नवा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा, हे सर्वांना माहीत आहे.

येथे मात्र माझ्या वादक मित्रांची एक चूक मला दुरुस्त करायची आहे. ते या घटनेला 'नाव विटणे' म्हणतात. त्या हेडफोनांवर नाव बहुतांशी फिलिप्सचेच होते, आपले नव्हते. त्यामुळे कोणा गिऱ्हाइकाने हेडफोन बिघडला म्हणून लेस पॉल घेण्याचे टाळले असेल असे मला वाटत नाही. तेथे जे झाले ते जोडधंद्यासाठी राहते घर गहाण ठेवण्याचे झाले. ती आर्थिक चूक होती, मोठी होती, आणि तिची किंमत आपल्या कामगारांनी व धनकोंनी मोजली. नाव विटणे ही याहून वेगळी आणि हळू चालणारी गोष्ट आहे, आणि तिची चिन्हे मला हेडफोनांत नव्हे तर दुसऱ्या दोन ठिकाणी दिसतात.

पहिले चिन्ह २०१५ सालच्या गिटारींचे. त्या वर्षी अमेरिकेत बनणाऱ्या आपल्या जवळजवळ सर्व इलेक्ट्रिक गिटारींवर, गिऱ्हाइकाला हवे की नको हे न विचारता, आपोआप सूर लावणारी बॅटरीवरची यंत्रणा बसवली गेली. वादकांनी ती नाकारली आणि पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची गिटार पुन्हा यादीत आली. लोकांनी तेव्हा किमतीवर आणि दिसण्यावर टीका केली. माझा आक्षेप निराळा आहे. पन्नास वर्षे टिकणाऱ्या लाकडाच्या डोक्यावर आपण दहा वर्षांत कालबाह्य होणारी सर्किटची पाटी बसवली, आणि त्या दोन्हींना एकच नाव दिले. दुसरे चिन्ह केकवॉक. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर करणारी ही जुनी कंपनी २०१३ मध्ये आपल्याकडे आली. २०१६ मध्ये तिच्या सोनार या सॉफ्टवेअरच्या 'आजन्म' सुधारणांचे हक्क विकले गेले. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आपण ते काम बंद केले. पुढे बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते घेऊन फुकट वाटले, ही गिऱ्हाइकांची नशिबाची गोष्ट. 'आजन्म' हा शब्द वाद्य करणाऱ्याच्या तोंडी खरा असतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या तोंडी तो फार तर पुढच्या ताळेबंदापर्यंतचा असतो. हे दोन अर्थ एकाच पेढीच्या छताखाली आले, की गिऱ्हाईक दोन्हींतला खोटा अर्थ लक्षात ठेवते.

हे मी तर्काने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नवरात्रीच्या तोंडावर एक मुलगा आपला इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे यंत्र, घेऊन माझ्याकडे आला. ज्या कंपनीचा तो होता तिचे नाव मी लिहिणार नाही. ती गिटारही करते आणि बऱ्या गिटार करते. प्रोसेसर जेमतेम पाच वर्षांचा होता आणि त्याच्या पॉवरबोर्डातला एक भाग जळला होता. विक्रेत्याला विचारले, वितरकाला लिहिले. उत्तर एकच आले, की ते मॉडेल बंद झाले आहे, भाग मिळणार नाही, नवे घ्या. मुलाने नऊ रात्री मित्राकडून उसना पेडल घेऊन काढल्या. पण मला लक्षात राहिले ते त्यानंतरचे. दिवाळीत त्याला नवी गिटार घ्यायची होती आणि मी त्याच कंपनीची एक गिटार सुचवली, तेव्हा तो म्हणाला, "नको काका, त्यांच्या वस्तू पाच वर्षांत मरतात." गिटारचा काही दोष नव्हता. तिच्यावरचे नाव दुसऱ्याच एका वस्तूने खर्चून टाकले होते.

याच्या उलट बाजूने मला नेहमी यामाहाचे उदाहरण दिले जाते. पियानो, गिटार, तबकडी वाजवणारी यंत्रे, शिवाय मोटारसायकल. आणि ज्या पिढीने आरएक्स १०० चालवली तिला त्या टाकीवरच्या तीन ट्यूनिंग फोर्कांत काही विसंगत वाटले नाही. हे खरे आहे. पण यामाहाची सुरुवातच मुळी दुरुस्तीतून झाली आहे : १८८७ मध्ये हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन तोराकुसू यामाहा यांनी दुरुस्त केला आणि मग तसाच स्वतः करून पाहिला. मोटारसायकलींसाठी १९५५ मध्ये त्यांनी निराळी कंपनी काढली. आणि आरएक्स १०० तर बडोद्यातल्या मेकॅनिकांच्या हाती आजही जिवंत आहे, तिचे भाग आजही कुठून ना कुठून मिळतात. माझे म्हणणे त्या उदाहरणाने खोडले जात नाही. उलट त्याला बळच मिळते.

आमच्याच गावातली एक गोष्ट आपल्याला सांगितली पाहिजे. बडोद्यात अलेम्बिक म्हटले की १९०७ साली सुरू झालेला औषधांचा कारखाना आठवतो. (कॅलिफोर्नियात १९६९ पासून त्याच नावाची एक कंपनी सुरेख बेस गिटार करते, हे सांगितले की दुकानातल्या मुलांना नेहमी हसू येते.) आमच्या अलेम्बिकमधून खोकल्यावरचे ग्लायकोडिन आले आणि त्याच घराण्यातून काचेची भांडीही आली. पण पेल्यांवर 'येरा' लिहिले गेले. पेला फुटला म्हणून ग्लायकोडिनवरचा कोणाचा विश्वास उडाला नाही. आपल्याकडेही हे शहाणपण एके काळी होतेच. मंदीत स्वस्त गिटार काढल्या तेव्हा त्यांवर 'कलामझू' हे नाव घातले गेले. १९५७ मध्ये एपिफोन घेतली तेव्हा तिचे नाव तिच्यापाशीच ठेवले गेले. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीने १९८२ पासून स्वस्त गिटारींसाठी स्क्वायर हे नाव वापरले, तेही याच हिशेबाने. आणि फेंडरलाही हे शिकण्याआधी ठेच लागली होती. १९६५ मध्ये नभोवाणी-दूरचित्रवाणीवाल्या सीबीएसने ती कंपनी घेतल्यानंतरच्या वीस वर्षांविषयी जुने वादक अजून कडवट बोलतात.

मार्टिन या गिटार कंपनीच्या बाबतीत माझे मत अजून पक्के झालेले नाही, आणि ते तसे सांगितलेले बरे. १८३३ पासून चालत आलेल्या या पेढीने आपल्या एक्स मालिकेच्या गिटारींना लाकडाऐवजी उच्च दाबाने घट्ट केलेले लॅमिनेट वापरले, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना लावतात त्या सनमायकाचे भाऊबंद, आणि हेडस्टॉकवर नाव मात्र मार्टिनच ठेवले. ऐकायला हे नाव विकल्यासारखे वाटते. पण बडोद्याच्या उन्हाळ्यात आणि लगेच येणाऱ्या पावसाळ्यात लाकडी गिटारची पाठ उकलते तेव्हा ती सनमायकाची गिटार काही न होता भिंतीला टांगलेली असते. ती दुरुस्त करायला अवघड. पण बिघडतेही कमी. अशा वस्तूला तेच नाव द्यावे की नाही, यावर मी आणि माझ्या शेजारचा तबलेवाला अनेक संध्याकाळी भांडलो आहोत.

२०१८ च्या अखेरीस कंपनी नव्या मालकांच्या हाती आली, त्यानंतरची आपली पावले मला बरीचशी समंजस वाटतात. २०२१ मध्ये मेसा/बूगी घेतली, ती अॅम्प्लिफायर करणारी कंपनी. अॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करता येतो आणि त्यावर तिचे स्वतःचे नाव कायम आहे. टी-शर्ट, टोप्या, दुकाने यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. टी-शर्ट विटला म्हणून गिटारची अब्रू जात नाही, हे गिऱ्हाइकालाही कळते. शिकवणारे अॅप हा मात्र विचार करण्यासारखा प्रकार आहे. फेंडरने २०१७ मध्ये असे अॅप काढले तेव्हा त्यांच्या प्रमुखांनी सांगितले होते, की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षाच्या आत ती सोडून देतात. माझ्या दुकानात धूळ खात पडलेल्या गिटारी पाहिल्या की हा आकडा मला अतिशयोक्त वाटत नाही. जे अॅप त्यांपैकी दहाजणांना टिकवेल ते गिटारचीच सेवा करते, त्यावर आपले नाव जरूर असावे. पण ज्याने त्या अॅपचे पैसे भरले त्याला ते किती वर्षे चालेल हे आधी सांगितले जावे, 'आजन्म' हा शब्द न वापरता.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. जी वस्तू गिटारच्या पेटीत, गिटारच्या नावाने विकली जाईल, तिचे सुटे भाग आणि तिचा सर्किट-नकाशा मॉडेल बंद झाल्यानंतर किमान २५ वर्षे उपलब्ध राहतील, असे आपण लेखी जाहीर करावे. ज्या वस्तूबाबत हे जाहीर करणे शक्य नाही ती जरूर काढावी, हवी तितकी विकावी, पण तिला दुसरे नाव द्यावे. नावांची आपल्याकडे वानवा नाही, 'कलामझू' तर घरचेच आहे. नव्या उद्योगासाठी कर्ज काढावे लागले तर ते त्या उद्योगाच्या तारणावर काढावे, गिटारच्या कारखान्याच्या नव्हे. आणि जी वस्तू चुकली असेल ती चिरडू नये. २०१९ मध्ये आपल्याच शेकडो फायरबर्ड एक्स गिटारी जड यंत्राखाली चिरडल्याची चित्रफीत जगाने पाहिली. त्या विक्रीस योग्य नव्हत्या असे कंपनीने सांगितले, आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक्सविषयी ते खरेही असेल. पण लाकूड, मान, फ्रेट, खुंट्या यांचे काय चुकले होते? माझ्यासारख्या कोणाही कारागिराने त्यांतली पाटी काढून साधे पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारे भाग, बसवून दिले असते. ती चित्रफीत माझ्या दुकानात एका विद्यार्थ्याने मोबाइलवर लावली, आणि मी हातातला सरसाचा ब्रश बाजूला ठेवून ती शेवटपर्यंत पाहिली. त्या दिवशी मेजावर एका शाळामास्तरांची चाळीस वर्षांची, मान मोडलेली गिटार होती. कोलकात्याच्या एका कंपनीची, आपल्या नावाशी एका अक्षराचाच फरक असलेली. ती जोडून मी त्यांना परत दिली आणि ती आता त्यांची नात वाजवते.

२०१५ च्या त्या गिटारींवरील यंत्रणेचे भाग आणि तिचा सर्किट-नकाशा आज कोठे मिळतील, एवढे उत्तर जरी या पत्राला मिळाले तरी मी आभारी होईन.

कळावे,

आपला,
एक वाद्यदुरुस्तीकार
दांडिया बाजार, बडोदे